९४ ओहमचा रॉड आणि १.६ ओहमचा अहवाल: नव्या वीजजोडणीच्या अर्थिंगचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

दोन मजली नवे बांधकाम. वर राहती जागा, खाली छोटे वर्कशॉप. वर्कशॉपमध्ये वेल्डिंग मशीन, ड्रिल, दोन ग्राइंडर. बाहेर बोअरचा पंप. ओळख पटेल असे तपशील येथे वगळले आहेत.

जोडणी थ्री फेज, ४००/२३० व्होल्ट. खांबावरून तीन फेज आणि एक न्यूट्रल अशा चार तारा मीटरपर्यंत आल्या. पाचवी, अर्थची तार आली नाही, आणि वीज कंपनीने मीटरपाशी अर्थचे टर्मिनलही दिले नाही. या रचनेला टीटी पद्धत म्हणतात. ट्रान्सफॉर्मरचा न्यूट्रल तिकडे ट्रान्सफॉर्मरपाशी जमिनीत जोडलेला असतो, ग्राहकाची अर्थिंग इकडे त्याच्या स्वतःच्या इलेक्ट्रोडवर (जमिनीत पुरलेल्या धातूवर) असते, आणि दोघांच्या मधे फक्त माती असते. पुढचा सगळा गोंधळ या एका गोष्टीभोवती फिरतो. कामाच्या एकाही कागदावर मात्र तिचा उल्लेख नव्हता.

मीटरनंतर ३२ अँपिअरचा तीन पोलचा सी टाइप एमसीबी (करंट फार वाढला की पडणारा स्विच) होता, न्यूट्रल सरळ नेलेला. मग सगळ्या इमारतीसाठी चार पोलची ३० मिलिअँपिअरची एकच आरसीसीबी (गेलेला आणि परत आलेला करंट यांत फरक पडला की पुरवठा तोडणारा स्विच), आणि तिच्या पुढे डीबी, म्हणजे सर्किटच्या वाटपाची पेटी. ठेकेदाराच्या दरपत्रकात अर्थिंगबद्दल एवढेच लिहिलेले: ‘अर्थिंग, रॉडसह पूर्ण’.

अडचण कशी उघड झाली

सप्लाय सुरू झाला आणि आरसीसीबी पडू लागली. काही चालू नसले की टिकायची. गिझर किंवा ड्रिल लावले की काही क्षणांत पडायची. वायरमनने आधी मशीनवर संशय घेतला, मग आरसीसीबीवर. नवी आणून बसवली, तीही पडली. शेवटी तो मालकांना म्हणाला, “साहेब, ही काढूनच टाकू. पुढे एमसीबी आहेच की.” मालकांना विजेतले फारसे कळत नव्हते, पण संरक्षणाचे साधन काढून टाकणे त्यांना पटले नाही. त्यांनी काम थांबवले आणि तपासणीसाठी आम्हाला बोलावले. पूर्ण प्रकरणातला सर्वांत मोलाचा निर्णय हाच होता.

चाचणी अहवालात अर्थचा रेझिस्टन्स १.६ ओहम लिहिलेला होता. जमीन पाहिल्यावर त्या आकड्यावर विश्वास बसेना. वर हातभर माती, मग मुरूम, आणि त्याखाली कठीण खडक. अर्थिंगचा खड्डा उघडला तर रॉडच्या डोक्यावर करवतीचे ताजे वळ होते. तीन मीटरचा रॉड १.२ मीटरवर खडकाला टेकला होता आणि वर उरलेला तुकडा कापून टाकला होता. हे वाटते तितके दुर्मीळ नाही. रॉड किती खोल गेला हे नंतर वरून दिसत नाही, आणि ठोकणाऱ्यालाही सुटल्यासारखे वाटते.

रॉडची तार मुख्य अर्थ पट्टीवरून सोडवून फॉल ऑफ पोटेन्शियल पद्धतीने मोजणी केली. करंटची खुंटी ३० मीटरवर, व्होल्टेजची खुंटी त्याच्या साधारण ६२ टक्के अंतरावर, आणि ती मागेपुढे सरकवून आकडा स्थिर राहतो का ते पाहिले. आकडा आला ९४ ओहम. रॉडच्या नेहमीच्या सूत्रात हा आकडा, १.२ मीटर लांबी आणि १६ मिलिमीटर व्यास घातला तर मातीची रोधकता सुमारे १३० ओहम-मीटर निघते. मुरमाड जमिनीसाठी हे अगदी पटण्यासारखे आहे.

१.६ ओहम कुठून आले

तार पुन्हा जोडून अर्थ पट्टीवरच मोजले तर १.६ ओहम. आरसीसीबीचा खटका खाली पाडून मोजले तर ९४. वर करून मोजले तर परत १.६. चार पोलची आरसीसीबी खाली असताना न्यूट्रलही तुटतो, त्यामुळे उत्तर तिथेच मिळाले. डीबी उघडल्यावर न्यूट्रल पट्टी आणि अर्थ पट्टी यांच्यामध्ये एक काळा जंपर (जोडतार) सापडला.

म्हणजे टेस्टर रॉड मोजतच नव्हता. तो न्यूट्रलच्या तारेतून वीज कंपनीच्या ट्रान्सफॉर्मरची अर्थिंग मोजत होता. ठेकेदाराला विचारले तेव्हा त्याने काही लपवले नाही. फॉर्मवर लहान आकडा हवा होता, खडकात तो येत नव्हता, आणि आधीच्या एका ठिकाणी न्यूट्रल-अर्थ जोडलेले त्याने पाहिले होते.

त्याने पाहिलेले खोटे नसावे. टीएन-सी-एस पद्धतीत, म्हणजे जिथे वीज कंपनीच अर्थ देते, न्यूट्रल आणि अर्थ सर्व्हिसच्या सुरुवातीला जोडलेलेच असतात. अमेरिकन वायरिंग संहितेत तर सर्व्हिसच्या मुख्य स्विचपाशी ही जोडणी सक्तीची आहे. पण ती जोडणी कुठे करायची हे पुरवठ्याच्या पद्धतीवरून ठरते आणि ती एकाच ठिकाणी, सुरुवातीला करायची असते. टीटीमध्ये, तीही आरसीसीबीच्या पुढे डीबीत करणे म्हणजे भलतेच.

आरसीसीबी का पडत होती हेही यातून उलगडले. एका फेजवरचा लोड चालू झाला की न्यूट्रलच्या तारेत थोडे व्होल्टेज पडते. समजा ३ व्होल्ट. जंपरमुळे ते ३ व्होल्ट ९४ ओहमच्या रॉडवर येतात आणि सुमारे ३१ मिलिअँपिअर करंट न्यूट्रलऐवजी जमिनीतून परत जातो. ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीने १५ ते ३० च्या दरम्यान पडायचे असते. ती पडत होती, म्हणजे नीट काम करत होती. मशीन चांगली, आरसीसीबीही चांगली; बदलायला हवी होती ती वायरिंग.

वायरमनच्या सल्ल्याने आरसीसीबी काढली असती तर? गिझर, पंप, मशीन सगळे सुरळीत चालले असते आणि प्रश्न सुटला असे सगळ्यांना वाटले असते. मग एखाद्या दिवशी खांबावरची न्यूट्रलची तार तुटली असती. त्या वेळी फक्त २ किलोवॅटचा गिझर चालू आहे असे धरू. त्याचा रेझिस्टन्स सुमारे २६ ओहम. त्याचा करंट परत जाणार रॉडमधून, म्हणजे ९४ ओहममधून. घरातल्या प्रत्येक अर्थ केलेल्या धातूवर, गिझरच्या टाकीपासून ड्रिलच्या बॉडीपर्यंत, सुमारे १८० व्होल्ट आले असते. कुठलाही एमसीबी पडला नसता, कारण करंट २ अँपिअरच्या आतच राहिला असता.

आकड्यामागची खरी गरज

पहिली बैठक ‘किती ओहम हवेत’ यावरच अडली. ठेकेदाराला ५ च्या खाली आणायचे होते. इंटरनेटवर कुणी १ म्हणते, कुणी १०, कुणी २५. यातला २५ चा आकडा अमेरिकन संहितेतला आहे. एका रॉडवर २५ ओहमपेक्षा जास्त आले तर १.८ मीटर किंवा अधिक अंतरावर दुसरा इलेक्ट्रोड जोडा, एवढाच त्याचा अर्थ. तिथे न्यूट्रल-अर्थ जोडणी असल्याने बिघाडाचा करंट तारेतून परत जातो. रॉडवर त्याची मदार नसते. तो आकडा उचलून टीटीमध्ये आणण्यात काही अर्थ नाही.

टीटीमध्ये ५ ओहमही एमसीबीला पुरत नाहीत, हे कागदावर मांडून दाखवावे लागले. फेजची तार मशीनच्या बॉडीला टेकली आणि रॉड ५ ओहमचा, ट्रान्सफॉर्मरकडचा २ ओहमचा धरला, तर करंट २३० भागिले ७, म्हणजे सुमारे ३३ अँपिअर. ३२ अँपिअरचा एमसीबी तो तासन्तास वाहून नेईल. सी टाइप एमसीबी झटक्यात पडायची खात्री हवी तर दहापट करंट लागतो, ३२० अँपिअर. त्यासाठी करंटची पूर्ण वाट ०.७ ओहमच्या आसपास असायला हवी. खडकाळ जमिनीत एका घराच्या अर्थिंगने हे साधत नाही, आणि बहुतेक मातीतही नाही.

टीटीमध्ये बिघाड तोडण्याचे काम आरसीसीबीनेच करायचे असते. आयईसी ६०३६४ या आंतरराष्ट्रीय वायरिंग मानकातला नियम सोपा आहे: इलेक्ट्रोडचा रेझिस्टन्स गुणिले आरसीसीबीचा पडण्याचा करंट, हे ५० व्होल्टच्या आत हवे. ३० मिलिअँपिअरला १६६७ ओहमपर्यंत चालते, १०० ला ५००, आणि ३०० मिलिअँपिअरला १६६. या हिशोबाने आहे तो ९४ ओहमचा रॉडही ३० मिलिअँपिअरला पुरतो.

मग तसाच ठेवायचा का? मालकांनी हा प्रश्न विचारला आणि तो रास्त होता. जंपर काढला की वायरिंग नियमात बसत होती. आमचे मत मात्र न ठेवण्याकडे झुकले, कारण १.२ मीटरचा इलेक्ट्रोड पूर्णपणे वरच्या थरात आहे आणि तो थर उन्हाने कोरडा पडतो. मोजणी जमीन ओलसर असतानाची होती. कोरड्या दिवसांत आकडा दुप्पट-तिप्पट झाला तरी नवल नाही. ब्रिटिश नियमावलीत २०० ओहमच्या वरचा इलेक्ट्रोड अस्थिर मानण्याची सूचना आहे, तीही याच कारणाने.

तोललेले पर्याय

आणखी रॉड ठोकणे हा पहिला विचार. पण खडक सगळीकडे तेवढ्याच खोलीवर होता. असे आठ-दहा आखूड रॉड लावूनही ते एकमेकांच्या प्रभावात येतात. रॉडची संख्या दुप्पट केली म्हणून रेझिस्टन्स निम्मा होत नाही. मशीनने खोल भोक पाडून बेंटोनाइट (ओल धरणारी माती) भरणे शक्य होते, फक्त खाली ओल मिळेल याची खात्री कुणी देत नव्हते. मीठ-कोळशाचा खड्डा ठेकेदाराच्या डोक्यात होता. मिठाने आकडा सुरुवातीला खाली येतो हे खरे, पण ते पाण्याबरोबर वाहून जाते, आणि जाण्याआधी धातू खाते. आम्ही त्याला सरळ नाही म्हटले.

वीज कंपनीला पत्र लिहून विचारले की अर्थचे टर्मिनल मिळेल का. लेखी उत्तर आले: उघड्या तारांची लाइन असल्याने मिळणार नाही, ग्राहकाने स्वतःचा इलेक्ट्रोड करावा. हे उत्तर अपेक्षितच होते, तरी ते लेखी मिळणे महत्त्वाचे होते. पुढे कुणी परत जंपर टाकू लागला तर त्याला दाखवायला कागद हवा.

बोअरचे लोखंडी केसिंग सर्वांना मोहात पाडत होते. जमिनीत खोल गेलेला धातूचा पाइप, मग वेगळा इलेक्ट्रोड कशाला? केसिंगला बाँडिंग करायलाच हवे (म्हणजे तारेने अर्थ पट्टीला जोडायलाच हवे), कारण तो जमिनीशी जोडलेला बाहेरचा धातू आहे आणि बिघाडाच्या वेळी त्याच्यात आणि पंपाच्या बॉडीत व्होल्टेजचा फरक राहता कामा नये. पण त्याच्या भरवशावर हिशोब करणे आम्हाला मान्य नव्हते. बोअर बुजवला, केसिंग बदलून प्लास्टिकचे टाकले, किंवा दुरुस्तीच्या वेळी क्लॅम्प सोडून परत लावलाच नाही, तर घराची अर्थिंग कुणाच्या नकळत गेली असती.

शेवटचा पर्याय जागेवर फिरताना दिसला. इमारतीचा पाया कधीच भरून झाला होता, पण मागच्या बाजूच्या भिंतीचे फुटिंग (भिंतीखालचा पाया) खोदलेले होते आणि सळ्या बांधणे चालू होते. काँक्रीटमध्ये बुडवलेला इलेक्ट्रोड ही जुनी, पारखलेली युक्ती आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हर्बर्ट उफर या अमेरिकन अभियंत्याने ॲरिझोनातल्या कोरड्या जमिनीवर दारूगोळ्याच्या कोठारांसाठी ती वापरली. काँक्रीट मातीतून ओल शोषते आणि धरून ठेवते, शिवाय मोठ्या पृष्ठभागाने जमिनीला टेकते. म्हणून कोरड्या जागीही ते रॉडपेक्षा सरस ठरते. अमेरिकन संहितेत यासाठी किमान ६ मीटर लांबीची, १३ मिलिमीटरची सळई ५० मिलिमीटर काँक्रीटने वेढलेली असावी असे म्हटले आहे. आमच्याकडे तर १४ मीटर फुटिंग मोकळे होते, आणि काँक्रीट दोन दिवसांनी पडणार होते.

काय केले

जंपर काढला. हे सगळ्यात आधी, त्याच दिवशी.

बांधकाम ठेकेदाराला काँक्रीट एक दिवस पुढे ढकलायला सांगितले. तो कुरकुरला, पण ऐकले. फुटिंगच्या तळाच्या दोन सळ्या पूर्ण लांबीत एकमेकींना वेल्ड करून सलग केल्या. नुसत्या बांधणीच्या तारेवर आम्ही विसंबलो नाही. तळाशी अंथरलेला प्लास्टिकचा कागद काढायला लावला, नाहीतर काँक्रीट आणि माती यांच्यात पडदाच पडला असता. वर येणाऱ्या शेपटीसाठी ठेकेदाराने जीआय पट्टी आणली होती. ती परत पाठवली. काँक्रीटमधले लोखंड विद्युत-रासायनिक दृष्टीने तांब्याच्या जवळ जाते, त्यामुळे त्याला जोडलेली जस्ताचा मुलामा असलेली पट्टी मातीत झिजत राहते. शेपटी स्टेनलेस स्टीलची घेतली आणि जमिनीच्या वर तपासणीच्या पेटीत काढली. मातीशी संपर्क आला की काय घ्यायचे, हा प्रश्न एरवी कुणी विचारत नाही.

पेटीपासून मुख्य अर्थ पट्टीपर्यंत ठेकेदाराने ४ चौरस मिलिमीटरची तार धरली होती. काही अंतर ती जमिनीतून, गंजापासून कोणत्याही आवरणाशिवाय जाणार होती. अशा ठिकाणी आयईसीप्रमाणे तांब्याची किमान २५ चौरस मिलिमीटर लागते. तीच टाकली. जुना रॉड काढला नाही, जोडलेला राहू दिला. केसिंग आणि पाण्याचा लोखंडी पाइप १० चौरस मिलिमीटरने मुख्य पट्टीला बाँड केले.

आरसीसीबीच्या रचनेवर मात्र बराच वेळ गेला. एकच ३० मिलिअँपिअरची सगळ्या घराला ठेवली तर एका ग्राइंडरच्या गळतीने वरचा दिवाही जातो, आणि वैतागलेला माणूस तिला बायपास करतो. म्हणून सर्किटचे तीन गट केले, प्रत्येकाला स्वतंत्र ३० मिलिअँपिअर. त्यांच्या मागे, मेनपाशी, उशिरा पडणारी एस टाइप. ती ३०० मिलिअँपिअरची घ्यावी असे ठेकेदाराचे म्हणणे होते, कारण ती सहज मिळते आणि उगाच पडत नाही. पण ३०० ला मर्यादा १६६ ओहमची. फुटिंगची शेपटी उद्या कुणी तोडली आणि जुना रॉडच उरला, तर कोरड्या दिवसांत त्याचा ९४ सहज १६६ च्या पुढे जाईल. १०० मिलिअँपिअरला ५०० ओहमपर्यंत वाव राहतो. १०० घेतली.

सर्ज प्रोटेक्शन (व्होल्टेजच्या अचानक उसळीपासून संरक्षण) लावताना टीटीसाठीची ३+१ जोडणी घेतली: फेजपासून न्यूट्रलला तीन, आणि न्यूट्रलपासून अर्थला एक स्पार्क गॅप.

निकाल

काँक्रीट पक्के झाल्यावर, सर्व जोडण्या सोडवून, फक्त फुटिंगचा रेझिस्टन्स ११ ओहम आला. फॉर्मवर ठेकेदाराला हवा तसा तो ५ च्या खाली नव्हता. आम्ही ११ च लिहिला, शेजारी ‘टीटी, मेनला १०० मिलिअँपिअर एस टाइप’ अशी नोंद केली, आणि वीज कंपनीच्या तपासनिसाने एक-दोन प्रश्न विचारून ते मान्य केले. कोरड्या दिवसांत पुन्हा मोजले तेव्हा फुटिंग १७ वर होते. एकटा रॉड २१० वर गेला होता. ३०० मिलिअँपिअरची आरसीसीबी त्या रॉडवर नियमाबाहेर गेली असती.

आरसीसीबींची चाचणी टेस्ट बटणावर सोडली नाही. बटण फक्त आतली यंत्रणा तपासते, अर्थची वाट तपासत नाही. टेस्टरने प्रत्यक्ष करंट सोडून वेळ मोजली. टीटीमध्ये ३२ अँपिअरपर्यंतच्या शेवटच्या सर्किटला ०.२ सेकंदात तुटणे आवश्यक. तिन्ही गट त्याच्या बरेच आत पडले. लोड लावल्यावर एकही पडली नाही.

वेगळे काय करता आले असते

इमारतीचा पाया भरण्याआधी अर्थिंगचा विचार झाला असता तर भिंतीच्या फुटिंगवर नशीब अवलंबून राहिले नसते. स्ट्रक्चरल ड्रॉइंगवर सळईची सलगता आणि वर येणारी शेपटी एवढी दोनच चिन्हे पुरली असती. वायरमन साइटवर येतो तेव्हा पाया बुजलेला असतो. हा दोष त्याचा नाही, कामाच्या क्रमाचा आहे.

दरपत्रकातली ‘रॉडसह पूर्ण’ ही ओळ अपुरी होती. तिथे पुरवठ्याची पद्धत, इलेक्ट्रोड सोडवून घेतलेले रीडिंग आणि त्या दिवशीची जमिनीची स्थिती मागितली असती तर जंपर टाकून काही साधले नसते. आकडा मागितला की आकडाच मिळतो. माझ्या मते फॉर्ममधला ओहमचा रकाना आरसीसीबीच्या रकान्याशिवाय असूच नये.

आम्हीही पत्राच्या उत्तराची वाट पाहण्यात जवळजवळ काँक्रीटचा दिवस गमावला असता. खांबावर चारच तारा दिसत असताना टीटी गृहीत धरून फुटिंगचे काम आधी सुरू करता आले असते. उत्तर वेगळे आले असते तरी ते वाया गेले नसते.

एक गोष्ट अजून बाकी आहे. मीटर आणि मेनच्या एस टाइप आरसीसीबीमधला तुकडा कोणत्याही आरसीसीबीच्या संरक्षणात नाही, आणि मीटरची पेटी लोखंडी आहे. आत फेजची तार सुटून पेटीला टेकली तर ११ ओहमवर वीज कंपनीचा फ्यूज उडेल असे नाही. तिथे इन्सुलेटेड पेटी हवी. पेटी कंपनीच्या मालकीची असल्याने ती बदलण्यासाठी अर्ज केला आहे. तोपर्यंत आतल्या तारांना दुहेरी इन्सुलेशन चढवून प्रवेशाच्या भोकाला प्लास्टिकची ग्लँड बसवली आहे.